आपला समुद्र पूर्वेला आहे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात रोवणी अडली, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं जागच्या जागी पिवळी पडायला लागली, की पानठेल्यावर एकच चौकशी सुरू होते: उपसागरात काही तयार झालं का? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ओडिशा, छत्तीसगड ओलांडून ढग येतात आणि बांध्या भरतात, हे इथे शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही ठाऊक आहे. तोच उपसागर ऑक्टोबर-नोव्हेंबरात खवळला की कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पाण्यात जातात. आमचं पिकणं तिकडून येतं आणि बुडणंही तिकडूनच. तरीही या पट्ट्यातल्या बहुतेक पोरांनी तो समुद्र पाहिलेला नाही, आणि त्यांच्या आईबापांनीही नाही.

माझं म्हणणं असं आहे की विदर्भाच्या खेड्यातल्या प्रत्येक मुलाला शाळा सोडण्याआधी एकदा समुद्रकिनाऱ्यावर नेलं पाहिजे. शाळेच्या सहलीतून न्यावं, सार्वजनिक पैशातून न्यावं, आणि विदर्भाच्या मोठ्या भागासाठी तो किनारा कोकणचा नसावा, पूर्वेचा असावा.

पूर्वेचा का, हे नकाशा उघडला की कळतं. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतून खाली येते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते, तिथून त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात, आणि प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते. म्हणजे वाशीम-यवतमाळपासून गोंदियापर्यंत पडलेल्या पावसाचा बराचसा भाग शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरतो. बुलडाणा, अकोला, अमरावतीच्या पूर्णाखोऱ्याची आणि मेळघाटाची गोष्ट वेगळी. त्यांचं पाणी तापीतून खंबातच्या आखाताला जातं, त्यांनी खुशाल पश्चिमेला जावं. पण सिरोंच्याहून नकाशावर सरळ रेघ मारली तर पूर्वेचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि अरबी समुद्र सातशेच्या पुढे. असं असूनही आमच्या पाठ्यपुस्तकातला समुद्र म्हणजे कोकणचा ७२० किलोमीटरचा किनारा. आमच्या वर्गात समुद्राचं चित्र काढायला सांगितलं की मुलं डोंगर, नारळ आणि मावळता सूर्य काढतात. ज्या समुद्राचं पाणी आम्ही पितो त्यातून सूर्य उगवतो.

आपलं तोंड असं पश्चिमेला कधी वळलं याचाही इतिहास आहे, आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशा नदीमार्गाने काकिनाडा बंदरावर न्यायची योजना होती. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन हे तिचे मोठे पुरस्कर्ते. दुम्मगुडेमपाशी खडक फोडून कालव्याचं कामही सुरू झालं होतं. पण नदीतले खडक आडवे आले, खर्च वाढत गेला, आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापसाच्या गाठी पश्चिमेला निघाल्या. नदीमार्गाचं काम थोड्याच वर्षांत सोडून देण्यात आलं. त्यानंतर बाजार, नोकरी, सरकार, सगळंच पश्चिमेला गेलं, आणि आपण ज्या समुद्राच्या पाणलोटात राहतो तो आपल्या मनातून पुसला गेला.

आता शाळेच्या सहलींचं काय होतं ते पाहू. गावच्या शाळेची सहल निघाली तर ती एका दिवसाची असते. रामटेक, सेवाग्राम, शेगाव, चिखलदरा ही ठिकाणं आहेत, आणि अलीकडे बहुतेक ठिकाणी शेवटचे तीन-चार तास वॉटर पार्कसाठी राखलेले असतात. तिथे सिमेंटच्या हौदात यंत्राने उठवलेल्या लाटा असतात. मुलांना त्या आवडतात, आवडणारच. पण एका मुलीने त्या लाटेत उभं राहून विचारलं होतं की समुद्राची लाट कोण बंद करतं, आणि मला तेव्हा या प्रश्नाचं गांभीर्य कळलं. ती मुलगी हुशार आहे. खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक तिने परीक्षेत अचूक लिहिला होता: दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे येते, रात्री उलट. दोन गुणांचा प्रश्न, दोन गुण मिळाले. ते वारे कसे लागतात हे तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

आमच्याकडचं वारं निराळं आहे. वैशाखात ते भाजतं, मृगाच्या तोंडावर वावधन होऊन टिनाची पत्रं उडवतं, आणि बाकी वेळ पान हलत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला वाऱ्याची पारख होती, कारण खळ्यावर उपणणीसाठी वाऱ्याची वाट पाहावी लागायची. कोणत्या प्रहराला, कोणत्या अंगाने सुटेल, ते त्यांना सांगता यायचं. मळणीयंत्र आलं, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण वाऱ्याकडे पाहण्याचं कारण संपलं. समुद्रकाठी वारा रोज, ठरल्या वेळेला, ठरल्या दिशेने येतो आणि अंगावर मीठ ठेवून जातो. तो समजायला यंत्र लागत नाही. एक बांबू वाळूत रोवा, त्याला फडकं बांधा, दर दोन तासांनी ते कोणीकडे फडकतं ते वहीत लिहा. दुपारी एक तापमापक कोरड्या वाळूत आणि एक पाण्यात धरा, पहाटे पुन्हा धरा. पाठ केलेल्या व्याख्येतलं प्रत्येक वाक्य त्या वहीत आकड्यांनी उभं राहील. विदर्भात संक्रांतीला पतंग उडतातच. साध्या दोऱ्यावरचा पतंग किनाऱ्यावर नेला की एकसारखा वारा म्हणजे काय हे हाताला कळतं.

मी काकिनाड्याचा आग्रह धरतो, कारण तिथे आपली नदी संपते. बल्लारशाहहून विजयवाड्यापर्यंतचा रेल्वेमार्ग साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे सामलकोटला उतरलं की काकिनाडा जवळ. वाटेत कोव्वूर आणि राजमहेंद्रीच्या दरम्यान गाडी गोदावरी ओलांडते. पूल पावणेतीन किलोमीटरच्या घरात आहे. आष्टीच्या, पवनीच्या, ब्रह्मपुरीच्या मुलांनी त्या पुलावर खिडकीशी बसावं आणि मास्तरांनी त्यांना सांगावं की या पाण्यात तुमच्या गावचं पाणी आहे. भूगोलाचा एवढा मोठा धडा वर्गात शिकवता येत नाही.

काकिनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे, गोदावरीच्या मुखाजवळचं खारफुटीचं जंगल. त्यातून लाकडी पायवाट केलेली आहे, त्यामुळे चिखलात न उतरता आत जाता येतं. आपल्या मुलांना सागवानाचं, मोहाचं, तेंदूचं जंगल माहीत असतं. मुळं जमिनीतून वर काढून श्वास घेणारं झाड त्यांनी पाहिलेलं नसतं. भरतीला ते जंगल पाण्यात उभं असतं आणि ओहोटीला त्याच जागी चिखल, खेकडे आणि पक्षी असतात. पाणी तासातासाला सरकतं हे पाहायला काठावर एक काठी रोवून खुणा केल्या की पुरे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, हे दोन दिवसांच्या मुक्कामात मुलांना स्वतः मोजता येतं, आणि चंद्राचा संबंध त्यांना मग कुणी सांगावा लागत नाही, ती विचारतात. चिखलातून धावणारा तुतवार त्यांनी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी पाहिलेला असतो. तो इथे भेटला की ओळखीचं माणूस परगावात भेटल्यासारखं होतं. जानेवारी ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, आणि या भागातल्या वाळूवरही ती अंडी घालायला येतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती होप आयलंड. काकिनाड्यासमोर समुद्रात लांबच लांब वाळूची पट्टी आहे, गोदावरीने आणलेल्या गाळावाळूतून तयार झालेली. तिच्या आडोशाने काकिनाड्याचं बंदर लाटांपासून सुरक्षित राहतं. शेताचा बांध फुटला, माती वाहून गेली, असं आपण म्हणतो. वाहून कुठे गेली हे कधी विचारत नाही. ती इथे आलेली आहे. यवतमाळच्या काळ्या वावरातली आणि गडचिरोलीच्या डोंगरउतारावरची माती या मुखाशी साचली आणि तिच्यावर जंगल उभं राहिलं. मृदसंधारणावर शंभर भाषणं ऐकलेल्या मुलाला त्या वाळूकडे पाहून जे उमगेल ते भाषणाने उमगलेलं नाही.

गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांना रायपूरमार्गे विशाखापट्टणम सोयीचं पडेल. तिथून भीमुनिपट्टणमकडे जाताना समुद्राला लागून लाल वाळूचे डोंगर आहेत, एर्रा मट्टी दिब्बलू म्हणतात त्यांना. वाऱ्याने, पावसाने आणि समुद्राच्या वरखाली झालेल्या पातळीने हजारो वर्षांत ते घडवले, घळी पाडल्या. वारा नुसता उडवत नाही, बांधतोही, हे तिथे दिसतं. वाळूवर पसरलेली मर्यादवेल आणि तिच्यामागे लावलेली सुरूची झाडं त्याच वाऱ्याला कशी अडवतात हेही दिसतं. याच शहरावर १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ आदळलं होतं. तिथल्या लोकांकडून ते ऐकलेल्या आपल्या शेतकऱ्याच्या पोराला कमी दाबाच्या बातमीचा अर्थ कळेल. मोबाईलवरचा वादळाचा नकाशा पाहून तो वडलांना सांगू शकेल की कडपा आज बांधून घ्या.

यावर पहिला आक्षेप जिवाच्या धोक्याचा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर ४ शाळकरी मुली गेल्या. मुरूडनंतर आपल्याकडे सहलींसाठी कडक अटी आल्या: समुद्रकिनारे, नदी, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशा ठिकाणी मुलांना नेऊ नये. ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांच्यासमोर उभं राहून हे नियम चूक आहेत असं मी म्हणणार नाही. पण हे नियम जपतात कोणाला, हे विचारायला हवं. नदी, तलाव, विहीर हे आमच्या मुलांचं सहलीचं ठिकाण नाहीच, ते त्यांचं घर आहे. दर पावसाळ्यात आमच्याकडे शेततळ्यात, नाल्यात, खाणीच्या खड्ड्यात पोरं बुडतात. त्यांना पोहणं कुणी शिकवलेलं नसतं, वाहत्या पाण्यात काय करायचं तेही कुणी सांगितलेलं नसतं. पाण्यापासून लांब ठेवून ही मुलं वाचत नाहीत, कारण ती पाण्यापासून लांब राहतच नाहीत.

म्हणून नियमाचा रोख बदलावा. ‘न्यायचंच नाही’ याऐवजी ‘कसं न्यायचं’ हे लिहावं. जानेवारी-फेब्रुवारीतच सहल काढावी. वादळांचा मुख्य काळ तोवर सरलेला असतो. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच थांबावं. पाण्यात घोट्यापलीकडे कुणी जाणार नाही, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि शिक्षकांना आधी एका दिवसाचं प्रशिक्षण. किनाऱ्याकडे आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्टीतून जोराने परत फिरतं आणि ओढून नेतं. तिथे लाटा फुटत नाहीत म्हणून ती जागा शांत दिसते आणि माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढला गेलेल्याने किनाऱ्याकडे धडपडू नये, किनाऱ्याला समांतर जावं, हे वाक्य प्रत्येक मुलाला निघण्याआधी पाठ असावं. आणि ज्या मुलाला समुद्रावर जायचं आहे त्याने आदल्या वर्षात गावतलावात पोहायला शिकावं. आमच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजात पाण्याची जाण असलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांना मानधन देऊन शाळेत शिकवायला बोलवावं. आजवर या समाजाच्या विद्येला शाळेने कधी दार उघडलं नाही. या निमित्ताने ते उघडेल. आणि मूल समुद्रावर गेलं नाही तरी पोहायला शिकलेलं असेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. रोजमजुरी करणाऱ्या आईबापाकडून हजारो रुपये मागायला माझी तयारी नाही, आणि मागायचे कारणही नाही. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. मी ज्या ज्या शिक्षकांना हे विचारलं त्यांतल्या बहुतेकांना ही सवलत माहीतच नव्हती. राहिलेला खर्च, म्हणजे मुक्काम, जेवण, स्थानिक गाडी. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणी आहेत आणि त्यांच्यामुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो. खाणबाधित भागांसाठी असलेल्या या निधीच्या प्राधान्याच्या बाबींत शिक्षण आहे. त्यातून सभागृहं आणि रंगरंगोटी होते, तर खाणीच्या धुळीत वाढणाऱ्या मुलाला तीन दिवस खारी हवा का देता येऊ नये? ज्या जिल्ह्यांत हा निधी मोठा नाही, तिथे जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून तरतूद करावी. प्रत्येक मुलाला दरवर्षी न्यायचं नाही आहे. आठवीच्या वर्गाला, एकदा.

काही मित्र म्हणतात, आपल्याकडे ताडोबा आहे, नागझिरा आहे, नवेगावबांध आहे, लोणार आहे, आधी हे तरी दाखवा. दाखवलंच पाहिजे, यात वाद नाही. व्याघ्रप्रकल्पाला लागून असलेल्या गावातल्या मुलांनी सफारीच्या जिप्सीत कधी पाऊल ठेवलेलं नसतं, आणि हा अन्याय वेगळा लेख मागतो. पण स्वतःचं दाखवायचं म्हणून दूरचं नाकारायचं, हा हिशेब फक्त गरिबाच्या मुलालाच लावला जातो. शहरातल्या मुलाला गोव्याला नेताना त्याने आधी स्वतःच्या तालुक्यातला तलाव पाहिला का, असं कुणी विचारत नाही.

परराज्यात सहल नेण्याची परवानगी ही आणखी एक अडचण. कागद वाढतात, मुख्याध्यापक घाबरतात. शिक्षणाधिकाऱ्यांनी जिल्ह्यासाठी एकदाच मार्ग, मुक्काम आणि अटी ठरवून दिल्या तर प्रत्येक शाळेला नव्याने झगडावं लागणार नाही.

आणि परराज्याचा एक मोठा फायदा आहे, जो कोकणात मिळणार नाही. सिरोंचा, अहेरी भागातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा तेलुगू आहे. मराठी वर्गात ही मुलं मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांना येत नाही असा शिक्का लवकर बसतो. भंडाऱ्याची एक शाळा आणि सिरोंच्याची एक शाळा अशी जोडी करून सहल काढली तर काकिनाड्याच्या स्टेशनावर उतरल्यापासून ही गप्प मुलंच पुढे चालतील. भाव तीच विचारतील, मासेमाराशी तीच बोलतील, जाळं कसं टाकता, वारा फिरला की होडी कशी वळवता, हे तीच समजावून सांगतील. झाडीपट्टीतल्या मुलांना पहिल्यांदा त्यांच्यावर अवलंबून राहावं लागेल. ढिवराच्या पोराने बापाचं पाग टाकणं पाहिलेलं असतं. त्याला समुद्रावरचं जाळं पाहून जे प्रश्न सुचतील ते मास्तरांनाही सुचणार नाहीत. तो प्रश्न विचारेल, सिरोंच्याचा मुलगा तो तेलुगूत करेल, आणि उत्तर सगळ्या वर्गाला मिळेल.

जानेवारीत जायचं तर तयारी आताच लागते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरात यादी हातात हवी. पोहण्याचे धडे त्याआधीच्या उन्हाळ्यात, तलाव उथळ असताना. आणि जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक त्याहूनही आधी, मार्चमध्ये ठरतं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्येने असतात. आठवीच्या वर्गासाठी पूर्वेच्या समुद्राची अभ्याससहल, असा एका ओळीचा ठराव त्यांनी येत्या बैठकीत घ्यावा, त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक आपल्या जिल्हा परिषद सदस्याला द्यावी, आणि पोच घ्यावी.